गवयानें आदर्श असावें काय?

गेल्या आषाढांत आमच्या घरीं एका तसबिरीवरून आठ दिवस वाद चालला. आमचें कुटुंब मोठें. ज्येष्ठ बंधु, वहिनी, त्यांचे दोन चिरंजीव, सुना, नातवंडें आणि आम्ही उभयतां मिळून एका वेळीं अकरा पानें पडतात. आणि जेथें अकरा पानें पडतात तेथें मतेंहि अकरा पडावयाचींच.

प्रसंग असा. थोरल्या पुतण्याची मुलगी सोळा वर्षांची असून गाणें शिकते. एका स्पर्धेंत मिळालेल्या बक्षिसाच्या पैशांतून तिनें पंडित भीमसेन जोशी यांची एक मोठी तसबीर चौकट करवून आणिली आणि दिवाणखान्यांत, आमच्या तीर्थरूपांच्या तसबिरीशेजारीं लावावयास खिळा मागितला. वहिनींनीं खिळा दिला नाहीं.

"गाणारे मोठे खरे," वहिनी म्हणाल्या, "पण एके काळीं पीत असत, हें कांहीं लपलेलं नाहीं. पोरांनीं रोज ज्याच्याकडे मान वर करून बघायचं, त्याचं सगळंच बघायला नको का?"

दादांनीं लगेच गीतेचा तिसरा अध्याय काढला. श्रेष्ठ पुरुष जसा वागतो तसे इतर लोक वागतात. तेव्हां ज्यास लोकांनीं श्रेष्ठ म्हटलें त्यानें आपल्या वागण्याची जोखीम ओळखलीच पाहिजे, असा त्यांचा पक्ष. त्यावर मुलगी एवढेंच बोलली, "आजोबा, मला त्यांच्यासारखं गायचं आहे. त्यांच्यासारखं जगायचं आहे असं मीं कुठं म्हटलं?"

आम्ही मध्यस्थ म्हणून बसलेले. आमच्या मनांत आलें कीं, याच घरांत दर आषाढी एकादशीस पहाटे देवघरांत याच गायकाचे अभंग लागतात, आणि ते वहिनी स्वतः लावितात. गवयाचा आवाज देवापुढें चालतो. त्याची तसबीर मात्र माणसांपुढें चालत नाहीं! पण हें त्या वेळीं बोललों असतों तर दुपारचा चहा मिळाला नसता. पंडितजींनीं तें व्यसन पुढें सोडलें, ही गोष्टहि तितकीच प्रसिद्ध आहे, व ती आम्हीं सांगून पाहिली. वहिनी म्हणाल्या, "सोडलं हें चांगलंच केलं, भाऊजी. पण समजा, सोडलं नसतं तर?" हा प्रश्न मात्र खरा होता. दोष गेला म्हणून तसबीर लावावी हें उत्तर होत नाहीं. दोष राहिला असता तर काय, हाच मूळ मुद्दा आहे.

आमचा पिंड संस्कृताचा, म्हणून आम्हीं प्रथम पोथ्या काढल्या. पोथ्यांनीं निवाडा करण्याऐवजीं भांडण वाढविलें. ज्यांचें अन्न सेवन करूं नये अशांची मनूनें एक यादी दिली आहे. तींत त्यानें चोर आणि गवई हे दोघे एकाच समासांत बसविले आहेत. याज्ञवल्क्य मात्र आपल्या स्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत म्हणतो कीं, जो वीणावादनाचें तत्त्व जाणतो, जो श्रुति व जाति यांत प्रवीण आहे आणि ज्यास ताल कळतो, तो आयासावांचून मोक्षाच्या मार्गास लागतो. एकाच्या पंक्तींत गवयास पाट नाहीं, आणि दुसऱ्याच्या पंक्तींतून तो थेट मोक्षास जातो. दोन्ही स्मृति आमच्याच, आणि दोन्ही आमच्या कपाटांत एकाच फळीवर आहेत.

पण या विषयावर खरा अधिकार धर्मशास्त्राचा नसून संगीतशास्त्राचा आहे, असें आम्हांस वाटतें. तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याच्या प्रकीर्णक अध्यायांत गायकाचे गुण आणि दोष मोजून सांगितले आहेत. दोष पंचवीस आहेत. दांत आवळून गाणारा तो संदष्ट. भीतभीत गाणारा तो भीत. भयंकर तोंड वासणारा तो कराली. कावळ्यासारख्या कर्कश स्वराचा तो काकी. मान वांकडी करणारा तो वक्री. ज्याचा गळा भोपळ्यासारखा फुगतो तो तुंबकी. आणि ज्याचें चित्त ठिकाणावर नाहीं तो अनवधान. सबंध यादींत मद्यपी, कर्जबाजारी, परस्त्रीगामी असा एकहि शब्द नाहीं. गुणांतहि पाहावें तर मधुर आवाज, श्रम जिंकलेला असणें, सावधपणा, आणि चांगल्या संप्रदायाची तालीम. शार्ङ्गदेवास नीतीचें वावडें होतें असें नव्हे. पण गवयाची परीक्षा घेतांना त्यानें गवयाचीच परीक्षा घेतली.

या यादींत निमीलक म्हणून एक दोष आहे. निमीलक म्हणजे डोळे मिटून गाणारा. आम्हीं ती तसबीर पुन्हां पाहिली. डोळे मिटलेले! म्हणजे शास्त्रानें पाहतां त्या तसबिरींत दोष होताच, फक्त वहिनी म्हणत होत्या तो नव्हे. हें आम्हीं दादांस सांगितलें. ते हसले, वहिनी हसल्या नाहींत.

असो. पोथींतून गांवांत येऊं. आमच्या सांगलीपासून फार दूर नसलेलें कुरुंदवाड हें कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचें एक लहानसें संस्थानी गांव. आपल्या प्रश्नाचीं दोन टोकें या एका गांवाच्या वेशींत सांपडतात. 18 ऑगस्ट 1872 रोजीं येथें विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले. लहानपणीं फटाक्याच्या दारूनें त्यांची दृष्टि अधू झाली, म्हणून ते मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशीं गाणें शिकावयास राहिले. दरबारीं त्यांस मान मिळे, परंतु एका समारंभास त्यांना बोलावणें आलें व त्यांच्या गुरूंस आलें नाहीं; विचारतां उत्तर मिळालें कीं, ते काय, गवईच कीं! ही गोष्ट त्यांच्या जिव्हारीं लागली असें सांगतात. पुढें 5 मे 1901 रोजीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें व 1908 सालीं तें मुंबईस आणिलें. गवई निर्व्यसनी असावा, वेळेवर यावा, चार प्रतिष्ठितांत ताठ मानेनें बसावा, हा त्यांचा ध्यास. चिजांतील उत्तान शृंगाराचे शब्द काढून त्यांनीं तेथें भक्तीचे शब्द घातले. कुलीन घरांतील मुलींस गाणें शिकण्याची वाट मोकळी झाली ती बव्हंशीं या मनुष्याच्या खटपटीनें. आमची नात आज तंबोरा घेऊन रस्त्यानें उघड चालत जाते, त्यामागें त्यांचें ऋण आहे. आदर्श गवई म्हणून कोणाचें नांव घ्यावयाचें झाल्यास तें विष्णु दिगंबरांचेंच घ्यावें लागेल. (मुंबईच्या संस्थेची इमारत पुढें कर्जापायीं गेली; सद्वर्तन आणि हिशेब या दोन वेगळ्या विद्या आहेत.)

आणि याच कुरुंदवाडांत 1922 सालीं रहिमतखां वारले. ग्वाल्हेरच्या हद्दूखांचे हे चिरंजीव. भूगंधर्व हें त्यांचें बिरुद. अफूनें आणि मनाच्या विकलतेनें हा मनुष्य इतका खचला होता कीं, अंगावरच्या वस्त्राची शुद्ध नसे. काशींत भ्रमिष्टासारखे फिरतांना सर्कसवाले विष्णुपंत छत्रे यांनीं त्यांस ओळखून आपल्यापाशीं आणिलें असें सांगतात. छत्रे स्वतः हद्दूखांचे शिष्य, म्हणजे गुरुपुत्राचें देणें त्यांच्या शिरावर. सर्कशीच्या तंबूंत खेळाबरोबर गुरुपुत्राचें गाणेंहि होऊं लागलें. असा मनुष्य कोणास आदर्श म्हणून दाखवावा? कोणासहि नव्हे. त्यास तर उलट कोणीतरी सांभाळावें लागे. वेळेवर जेवूं घालावें लागे. पण त्या आवाजाचा ठसा अब्दुल करीम खांसाहेबांवर उमटला, खांसाहेबांपासून तो सवाई गंधर्वांकडे आला व तेथून आमच्या नातीच्या तसबिरींत डोळे मिटून बसलेल्या गृहस्थांकडे. रहिमतखांची अफू कोणी शिष्यानें त्यांच्या गायकीचें अंग म्हणून उचलली नाहीं. कानांत शिरतें तें गाणें असतें.

येथें दादांचा आक्षेप आमच्या ध्यानांत आहे. ते म्हणतात, जाणते ऐकणारे फोलकट टाकतील व दाणे घेतील, परंतु पोरें तसें करीत नाहींत. पोरें आधीं फोलकटच उचलतात. हें सर्वस्वीं खोटें नाहीं. लोकांनीं गवयाचें अनुकरण केलें नाहीं असें कोण म्हणेल? आमच्या आजीच्या पिढीनें तर बालगंधर्वांचें अनुकरण उघड उघड केलें. नऊवारी लुगडें चापूनचोपून कसें नेसावें, अंबाड्यावर फुलें कशीं माळावीं, शाल खांद्यावर कशी घ्यावी, हें महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांच्या स्त्रिया एका पुरुषाकडे पाहून शिकल्या! जगाच्या पाठीवर हा प्रकार दुसरीकडे घडला असल्यास आम्हांस ठाऊक नाहीं. मग हेच नारायणराव राजहंस पुढें गोहरबाई कर्नाटकी यांच्या सहवासांत राहूं लागले, तेव्हां ज्या घरांनीं त्यांची नेसण उचलली त्याच घरांनीं नाकें मुरडलीं. पण त्यांचें पाहून कोण्या गृहस्थानें आपला संसार मोडला, असें आमच्या आजीच्या तोंडून आम्हीं कधीं ऐकलें नाहीं. नेसण मात्र तिनें अखेरपर्यंत तशीच ठेविली.

बालगंधर्वांची एक गोष्ट आमच्या शाळेंत आदर्श म्हणून सांगितली जाई, व आम्हीहि कित्येक वर्षें ती वर्गांत सांगत आलों. 12 मार्च 1911 रोजीं मुंबईस खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशीं नारायणरावांची लहान मुलगी वारली. प्रयोग पुढें ढकलावा असें इतरांचें मत. परंतु त्यांनीं तोंडाला रंग लाविला आणि भामिनीची भूमिका केली. कर्तव्यनिष्ठा म्हणून ही गोष्ट सांगतांना आमचा गळा दाटून येई. एकदां घरीं ती सांगत असतां आमच्या मातुश्री तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांनीं मान वर न करितां विचारलें, "आणि त्या मुलीची आई त्या रात्रीं कुठं होती रे?" आम्हांस उत्तर आलें नाहीं. आजहि येत नाहीं. त्या दिवसापासून ती गोष्ट आम्हीं वर्गांत सांगणें बंद केलें. नारायणरावांविषयींचा आदर उणा झाला म्हणून नव्हे. तें दुःख त्यांचें होतें, तो निर्णय त्यांचा होता, आणि तो धड्यासारखा चाळीस मुलांपुढें ठेवण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला, हें कळेनासें झालें म्हणून.

आतां या आदर्शाच्या मागणीची दुसरी बाजू सांगितली पाहिजे, आणि ती सांगतांना आमच्यासारख्या घरांस थोडें खालीं पाहावें लागेल. हिंदुस्थानी संगीत पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनीं सांभाळलें त्यांत कलावंतिणींच्या घराण्यांचा वांटा फार मोठा. गोमंतकांतील देवळांच्या आश्रयानें वाढलेल्या घरांतून केसरबाई केरकर आल्या, मोगूबाई कुर्डीकर आल्या. या स्त्रियांस लग्नाची वाट समाजानें बंद केली होती. आणि लग्न नाहीं म्हणून शील नाहीं, हा निकालहि त्याच समाजानें दिला. अब्दुल करीम खां व ताराबाई माने यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर जाहीर मैफलींत बसूं लागल्या तेव्हां त्यांचा वेष साधा, बसणें निश्चल, हावभाव मुळींच नाहींत. जुने रसिक याची वाखाणणी करितात. आम्हीहि करितों. परंतु त्याच काळांत पुरुष गवई मांडी बदलीत, पान खात, हातवारे करीत गात होते, आणि त्यांच्या हातवाऱ्यांवरून त्यांच्या शीलाची परीक्षा कोणी करीत नव्हतें. गाणें तेंच, पण बाईस गाण्याआधीं आपण सभ्य आहों हें सिद्ध करावें लागे.

याचा कळस रेडिओवर झाला. 1946 सालीं हंगामी सरकारांत नभोवाणीचें खातें सरदार वल्लभभाईंकडे आलें, आणि ज्यांचें खासगी जीवन लोकापवादाचा विषय झालें आहे अशांस नभोवाणीवर गाऊं देऊं नये, असा हुकूम निघाला. हुकमाचे शब्द सर्वांस सारखे होते. पण त्याचा घाव बसला तो कलावंतिणींच्या घरच्या बायकांवर. वल्लभभाईंविषयीं आमच्या मनांत जो आदर आहे तो येथें सांगावयास नको. तरीहि हा हुकूम चुकला असें आम्हांस वाटतें. अख्तरीबाई फैजाबादी यांनीं 1945 सालीं लखनौच्या एका बॅरिस्टरशीं विवाह केला व प्रतिष्ठेसाठीं गाणें सोडलें. त्या आजारी पडल्या. अखेर 1949 सालीं लखनौच्या नभोवाणी केंद्रावर पुन्हां गाऊं लागल्या, त्या बेगम अख्तर या नांवानें. ज्या गाण्यानें त्या मोठ्या झाल्या तेंच गाणें त्यांच्या सभ्यतेच्या आड येत होतें, आणि तें सोडतांच त्यांचा देह टिकेना! मोगूबाईंसारख्या थोर गायिकेस दौऱ्यावर कशी वागणूक मिळे, हें किशोरीताई आमोणकर यांनीं पुढें मुलाखतींतून सांगितलें आहे. तें ऐकतांना त्यांच्या शब्दांतील चीड पन्नास वर्षांनींहि निवालेली नव्हती. तेव्हां आदर्श मागणारानें प्रथम हें पाहावें कीं, आपण तो कोणाकडून मागतों व कोणास सूट देतों.

हें लिहितांना आम्हीं केलेली एक गोष्ट आठवते, आणि ती न सांगितल्यास वरील पांडित्य पोकळ ठरेल. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आमच्या शाळेंत एक गाण्याचे मास्तर तासावर येत असत. घराणें वगैरे कांहीं मोठें नव्हतें, पण सूर सच्चा. संध्याकाळीं ते पितात अशी कुणकुण पालकांत उठली. चौकशीसाठीं तिघांची समिति नेमली, तींत आम्ही होतों. "मुलांपुढें आदर्श काय राहील?" हें वाक्य त्या सभेंत आम्हींच उच्चारलें. मास्तरांस येऊं नका म्हणून कळविण्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं ते सकाळींच शाळेंत आले. शाळेचा तंबोरा दुरुस्तीसाठीं त्यांच्याकडे होता. तो त्यांनीं मिरजेस नेऊन, तारा बदलून, जवारी काढवून आणिला होता. पैसे स्वतःचे. तो कोपऱ्यांत उभा करून, गवसणीची नाडी बांधून ते निघून गेले. आमच्याकडे त्यांनीं पाहिलेंहि नाहीं.

पुष्कळ दिवसांनीं त्यांची एक जुनी विद्यार्थिनी भेटली. तिच्याकडून कळलें कीं, शिकवणीच्या वेळीं मास्तर कधीं पिऊन आले नाहींत. एकटी मुलगी आली तर ते शेजारच्या आजीबाईस ओट्यावर येऊन बसावयास सांगत. दिवेलागण होण्यापूर्वीं मुलींस घरीं जावयास लावीत. हें आमच्या समितीनें विचारलेंच नव्हतें. संध्याकाळीं ते आपल्या घरांत काय करितात एवढेंच आम्हीं विचारलें; सकाळीं मुलांशीं कसे वागतात हें कोणाच्या डोक्यांत आलें नाहीं. ते तासाला पिऊन आले असते तर आम्ही आजहि त्यांस काढलेंच असतें, हें स्पष्ट सांगतों. पण तसें नव्हतें. गाण्याचा तास त्या वर्षापासून गणिताकडे गेला, आणि तंबोरा पुढें किती तरी वर्षें गवसणींतच राहिला.

तेव्हां आमचें म्हणणें असें कीं, गवई आणि गुरु हीं दोन नातीं वेगळीं आहेत व आपण तीं एकांत एक घालून बसतों. कालिदासानें 'मालविकाग्निमित्रां'त गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांचें भांडण लाविलें आहे. तेथें परिव्राजिका मोठा मार्मिक भेद सांगते: कोणाची विद्या स्वतःच्या ठायीं शोभते, तर कोणाची ती दुसऱ्यास देण्यांत, आणि ज्याच्यापाशीं दोन्ही आहेत तोच शिक्षकांत अग्रेसर. तिनें हें कौशल्याविषयीं म्हटलें, आम्ही तें वर्तनास लावून पाहतों. मैफलींत गवई आणि श्रोता यांच्यांत पुष्कळ अंतर असतें. आपण तिकीट घेतों, ऐकतों, उठून घरीं येतों. त्याचा दोष आपल्या अंगास लागण्याची वाट नाहीं. नको असल्यास आपण जाऊं नये, एवढें स्वातंत्र्य आपल्यापाशीं आहे. आपल्याशीं त्याचें एकच देणें: सूर खरा लावावा, वेळ दिली ती पाळावी, आणि ऐकणारास मूर्ख समजूं नये.

तालमीच्या खोलींत हें अंतर उरत नाहीं. तेथें शिष्य लहान, गुरु मोठा. विद्या त्याच्या हातीं, पुढें मैफल मिळवून देणें त्याच्या हातीं, आणि रुसला तर सर्व दारें बंद करणेंहि त्याच्याच हातीं. जुन्या काळीं शिष्य गुरुगृहीं राही, पाणी भरी, पाय चेपी. सवाई गंधर्वांकडे कुंदगोळास असतांना भीमसेनांनीं पाण्याच्या घागरी वाहिल्याची गोष्ट सर्वश्रुत आहे. अशा सेवेंतून कांहींचें सोनें झालें हें आपण वाचतों, कारण ज्यांचें झालें तेच पुढें आत्मचरित्रें लिहितात. ज्यांची घागर फुटली त्यांचें कोण लिहिणार? अलीकडे तें थोडें थोडें बाहेर येऊं लागलें आहे. 2018 सालीं चेन्नईच्या म्युझिक अकादमीनें, ज्यांच्यावर गैरवर्तनाचे आरोप झाले होते अशा कांहीं कलावंतांस आपल्या डिसेंबरच्या महोत्सवांतून वगळलें. 2020 सालीं भोपाळच्या एका ध्रुपद गुरुकुलांतील विद्यार्थिनींच्या तक्रारी वृत्तपत्रांत आल्या. आरोप म्हणजे निकाल नव्हे, हें आम्ही जाणतों. परंतु त्या बातम्या वाचून आम्हांस एक गोष्ट प्रकर्षानें जाणवली. तेथें मद्य नव्हतें, जुगार नव्हता. होती ती पवित्र वातावरणाची कीर्ति. आईबापांनीं मुली पाठविल्या त्या आदर्श पाहूनच.

आणि येथें आमच्या डोक्यांत लख्ख उजेड पडला. आमच्या नातीस पुढच्या तालमीसाठीं कोल्हापुरास एका गवयांकडे पाठवावयाचें घरांत जवळ जवळ ठरलें होतें. दर रविवारीं जावयाचें. मोठे नांवलौकिकाचे गृहस्थ, घरांत दत्ताची उपासना, तोंडांत सुपारीचें खांडसुद्धां नाहीं. त्यामुळें कोणीं कांहीं विचारलें नव्हतें. जे 2011 सालीं वारले त्या गायकाच्या तसबिरीवरून आम्ही अकरा माणसें आठ दिवस भांडलों, आणि जो जिवंत मनुष्य आमच्या मुलीस बंद खोलींत समोर बसवून शिकविणार, त्याच्याविषयीं एकानेंहि एक प्रश्न केला नाहीं! वहिनींस आम्हीं हें बोलून दाखविलें. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मीहि येतें बरोबर."

त्याप्रमाणें श्रावणांतल्या पहिल्या रविवारीं आम्ही, वहिनी आणि मुलगी असे तिघे कोल्हापुरास गेलों. चहापाणी झालें. आम्हीं मास्तरकीचा जुना निगरगट्टपणा गोळा करून प्रश्न विचारले. तालमीच्या वेळीं खोलींत आणखी कोण असतें? दार उघडें राहील काय? घरांतील कामें सांगितलीं जातात काय? इतर गवयांचें गाणें ऐकावयास परवानगी आहे काय? मुलीस एखादी गोष्ट खटकली तर तिनें कोणाकडे जावें? प्रश्न विचारतांना आमचे कान तापले होते. मोठ्या माणसाच्या घरीं बसून असें विचारणें आमच्या पिढीच्या हाडांत नाहीं. मुलगी खालीं मान घालून सतरंजीचे दोरे उपशीत होती.

गवईबुवांनीं उत्तर देण्यास वेळ घेतला. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा सारख्या करीत ते कांहीं वेळ बसले. मग म्हणाले, "तीस वर्षें शिकवतों आहें, हें मला कोणी विचारलं नव्हतं. राग आला, खोटं कशाला सांगूं. पण माझी मुलगी मीं नृत्य शिकायला पाठविली तेव्हां मीहि हें विचारलं नव्हतं." एवढें बोलून त्यांनीं आंत हांक मारिली. त्यांच्या पत्नी आल्या, दोन जुने विद्यार्थी आले. एकेका प्रश्नाचें उत्तर सरळ मिळालें. कामें सांगत नाहींत. तालीम तिघांचौघांची एकत्र होते. दार उघडें असतें, मात्र पावसाळ्यांत सरी आंत येतात म्हणून लोटावें लागतें. "तर पावसाळ्यांत मी दारापाशीं बसेन," वहिनी म्हणाल्या.

त्या खरोखरच बसतात. दर रविवारीं सकाळच्या गाडीनें दोघी जातात. वहिनी उंबऱ्याच्या आंत एका पाटावर बसून वाती वळतात. बाराशें वातींचा लक्ष्यांक त्यांनीं दिवाळीपूर्वींच गांठला. घरीं आल्या कीं, आज मुलीचा कोमल ऋषभ कसा लागला हें त्या सांगतात, आणि बरोबर सांगतात. गवईबुवांविषयीं त्यांचें मत अजून बनलेलें नाहीं. "बघूं," म्हणतात.

तसबीर अद्याप मधल्या खोलींत कपाटावर आडवी ठेवलेली आहे. खिळा कोठें ठोकावा यावर एकमत झालेलें नाहीं. परवां कार्तिकी एकादशीस पहाटे देवघरांत अभंग लागले तेव्हां आम्ही पाणी तापवावयास उठलों होतों. वहिनी त्या कपाटाशीं उभ्या होत्या आणि पदरानें कांचेवरची धूळ पुशीत होत्या. आमची चाहूल लागतांच त्या म्हणाल्या, "किती धूळ बसते इथं," आणि देवघरांत गेल्या.